केल्विन जास्त म्हणजे उजेड जास्त?

‘हेडलाइटचे केल्विन जितके जास्त, तितका उजेड जास्त’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. जास्त केल्विनचा निळसर प्रकाश डोळ्यांना झगझगीत वाटतो, त्यामुळे असा समज होणं साहजिक आहे.

पण केल्विनवरून कळते ती फक्त रंगछटा. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. साधा ५५ वॅटचा एच७ प्रकारचा हॅलोजन बल्ब ३२०० केल्विनच्या आसपास, पिवळसर, आणि साधारण १५०० ल्युमेनचा. झेनॉनचा डी२एस बल्ब ३५ वॅटमध्येच सुमारे ३२०० ल्युमेन देतो, तो तंत्र वेगळं (तापलेल्या तारेऐवजी वायूतून वीज) म्हणून, रंगामुळे नव्हे. निळ्या काचेच्या हॅलोजनचं तर उलटंच: काच पिवळा-तांबडा भाग अडवते आणि तेवढ्याच वॅटला रस्त्यावर कमी प्रकाश पोचतो.

पडताळायचं तर आधी खोक्यावर ल्युमेन बघा. मग रात्री सपाट जागी, भिंतीसमोर गाडी लावून लो बीम टाका. एका बाजूला जुना बल्ब, दुसरीकडे नवा. फोटोवर विसंबू नका, कॅमेरा उजेड आपोआप जुळवून घेतो. प्रकाशाची वरची कडाही तपासा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला की ती बऱ्याचदा विस्कटते आणि प्रकाश समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. माझ्या मते, कडा विस्कटली तर ल्युमेन कितीही असोत, तो बल्ब परत करावा.