चौकटीखालची बारीक ओळ

स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम, पडद्यावरची अक्षरं 'बघून' वाचतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. ब्राउझर एचटीएमएलवरून, म्हणजे पानाच्या कोडवरून, पान रंगवतो तेव्हाच ॲक्सेसिबिलिटी ट्री नावाची आणखी एक रचना उभी करतो. तिच्यात प्रत्येक घटकाची भूमिका, नाव आणि सध्याची अवस्था असते. रंगरूपाला तिथे किंमत नाही. जॉज किंवा एनव्हीडीए (ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये सुरू झालेला, फुकट मिळणारा) हे स्क्रीन रीडर मुख्यतः याच झाडावरून बोलतात.

आता ऑनलाइन अर्जातली पॅनची चौकट घ्या. खाली बारीक अक्षरांत मदत असते: 'आधी 5 अक्षरं, मग 4 आकडे, शेवटी 1 अक्षर. मध्ये जागा सोडू नये.' ओळ चौकटीला खेटून आहे, म्हणजे ती तिच्याचबद्दल आहे, हे डोळस माणसाला न सांगता कळतं. झाडाला ते कळत नाही. शिवाय अंध वापरकर्ता अर्ज भरताना टॅब दाबत पुढे सरकतो, आणि टॅब थांबतो तो चौकटी, बटणं, लिंकांवर. मधली ओळ गाळली जाते. कानावर पडतं ते 'पॅन क्रमांक, एडिट' (म्हणजे इथे लिहा), बस्स.

उपाय इतका साधा की मला त्याचं फार कौतुक वाटतं. कोडमध्ये त्या ओळीला एक आयडी, म्हणजे ओळखीचं नाव, द्यायचा आणि चौकटीच्या 'आरिया-डिस्क्राइब्डबाय' गुणधर्मात तोच लिहायचा. पान दिसायला तसंच राहतं, पण झाडात 'वर्णन' हा कप्पा भरतो आणि नावानंतर मदतही वाचली जाते. मात्र वर्णन म्हणजे सपाट मजकूर: त्यातल्या लिंका, याद्या उरत नाहीत. लांबलचक मदत असेल तर वेगळं बटण द्यावं, आणि त्याचं नाव नुसतं 'मदत' नको, 'पॅनविषयी मदत' हवं. एकाच अर्जात पाच 'मदत' ऐकून कोण काय समजणार?

भरताना चूक झाली की दिसणारा लाल संदेश ही पुढची गोम. तो 'आरिया-लाइव्ह' डब्यात, म्हणजे बदल झाला की स्क्रीन रीडर आपणहून वाचतो अशा पानाच्या भागात, टाकतात: 'पोलाइट' असेल तर चालू बोलणं संपल्यावर वाचला जातो, 'असर्टिव्ह' असेल तर मध्येच तोडून. पण डबा पानात आधीपासून हवा, रिकामा का असेना. डबा आणि मजकूर एकदमच आणले तर 'बदल' झाल्याची नोंद बऱ्याचदा होतच नाही.

'एक ओळ कोड टाका, साइट सुगम (अंधांनाही वापरता येईल अशी)' असं विकणाऱ्यांपासून मात्र जपा. अशाच दाव्यांवरून 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावले. आणि अंधांचे कान दैवी असतात, ते घेतील निभावून, ही समजूतही पुरे झाली. स्क्रीन रीडरचा भरधाव आवाज ऐकणं सरावाने जमतं. जी ओळ उच्चारलीच गेली नाही, ती कोणता कान ऐकणार?

मराठी पानांसाठी एक पुरवणी. पानाची भाषा कोडमध्ये 'एमआर' अशी नोंदवा. नाहीतर तुमची नीट जोडलेली मदत इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडते, आणि काही आवाज देवनागरी चक्क गिळून टाकतात.