संगीतकाराचे स्मृतिगृह

संगीतकार जिथे जन्मला, राहिला किंवा जिथे बसून त्याने रचना केल्या, ते घर त्याच्या पश्चात जतन करून लोकांना खुले केले की त्याला स्मृतिगृह म्हणतात. चित्रकाराच्या घरी निदान चित्रे तरी दिसतात. संगीतकाराच्या घरची मुख्य ठेव डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे अशा वास्तूची पारख तिथे काय ऐकायला मिळते यावरूनच करावी लागते.

ही प्रथा युरोपात रुजली. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर २७ जानेवारी १७५६ रोजी मोझार्टचा जन्म झाला, तिथे १८८० पासून संग्रहालय आहे. त्याचे लहानपणीचे व्हायोलिन तिथे पाहायला मिळते. बॉनमधील बेथोवनचे जन्मघर पाडले जाऊ नये म्हणून १८८९ मध्ये १२ नागरिकांनी संस्था काढून ते वाचवले. बहिरेपण वाढल्यावर त्याने वापरलेली श्रवणनळकांडी तिथे ठेवली आहेत. ती पाहताना गळा दाटून येतो. फिनलंडमध्ये सिबेलियसच्या ‘आइनोला’ या घरात त्याच्या हयातीत पाण्याचे नळ घेतलेच नाहीत. पाइपांचा आवाज त्याला रचना करताना नको होता. जर्मनीतील आयझेनाख येथील बाखचे घर १९०७ मध्ये खुले झाले. बाख नेमका त्याच घरात जन्मला नव्हता हे पुढे स्पष्ट झाले, तरी भेट द्यावी असे घर तेच, कारण तिथे पाहुण्यांना जुन्या वाद्यांवर प्रत्यक्ष वादन ऐकवतात.

भारतात ग्वाल्हेरचे ‘सरोद घर’ हे ठळक उदाहरण. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घराचे ते संग्रहालय झाले आहे.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. हिंदुस्थानी संगीतात राग मांडणारा गायक त्या क्षणी रचनाकारही असतो, आणि बंदिश कागदापेक्षा गळ्यात राहते. बॉनला हस्तलिखिते जपली; इथे जपायला शिष्य लागतात. त्यात आपले कलावंत शिक्षणासाठी आणि पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेले, घरे मागे राहिली. फोंडा तालुक्यातील केरी हे सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे गाव. त्यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली. केरीतील त्यांच्या दुसऱ्या घराच्या जागी आज त्यांच्याच नावाचे हायस्कूल आहे आणि जन्मघर तिथून किलोमीटरभराच्या आत आहे. घराच्या जागी शाळा उभी राहिली हे चांगलेच झाले. मात्र ज्या बाईंचा आवाज सूर्यमालेपलीकडे पाठवला गेला, त्यांच्या जन्मघरी येणाऱ्याला तो आवाज ऐकवण्याची सोय झालीच पाहिजे.

गायिका मोगुबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचे सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात. मे महिन्यात जुने गावकरी तिथल्या सोमेश्वराच्या देवळात आणि कपेलात (ख्रिस्ती प्रार्थनास्थळात) उत्सवासाठी जमतात. घरच उरले नाही, तिथे ही वार्षिक भेटच स्मारकाचे काम करते. मंगेशी गावाने तर मास्टर दीनानाथ मंगेशकर (जन्म १९००) आणि पं. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) असे दोघे दिले. अभिषेकीबुवा शब्दशः संगीतकार होते. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांचे संगीत त्यांचे. देवळातले भजन-कीर्तन लहानपणापासून त्यांच्या कानावर पडत होते. त्यांना समजून घ्यायचे तर मंगेशाच्या देवळाचा सभामंडप त्यांच्या घराइतकाच महत्त्वाचा आहे.

जतनाची अडचण गोव्यात हवामानाचीही आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, कौले फुटली की पाणी थेट माळ्यावर, वासे वाळवी खाते. तंबोऱ्याच्या भोपळ्याला बुरशी येते, पेटीचा भाता चिकटतो, जुन्या तबकड्यांच्या कागदी वेष्टनांना कसर लागते. वाद्य काचेच्या पेटीत बंद करण्यापेक्षा ते नियमित वाजते ठेवणे हाच त्यावर बरा उपाय. हात फिरला की बिघाड लवकर लक्षात येतो.

मंगेशी आणि केरी एकाच तालुक्यात असल्याने दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. केरीच्या शाळेत वर्ग भरलेले असतात, तेव्हा आधी विचारून जावे. केसरबाईंच्या नावाचा संगीत समारोह पणजीच्या कला अकादमीत होतो. प्रवास त्या दिवसांना जोडून आखला तर घर पाहणे आणि गाणे ऐकणे एकाच फेरीत साधते.