बाजार फीच्या पावतीपासून विक्री प्रमाणपत्रापर्यंत

रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडून रोज बाजार फी घेऊन पावती फाडायची आणि अतिक्रमण पथकाची गाडी आली की त्याच पथारीवरचा माल उचलायचा, असा नगरपालिकांचा व्यवहार कित्येक वर्षे चालला. पावतीने पैसे भरल्याचा पुरावा मिळे, बसण्याचा हक्क मिळत नसे. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरील विक्रीला घटनेतल्या व्यवसाय-स्वातंत्र्यात जागा दिली. अमुकच जागेवर बसण्याचा हक्क मात्र नाकारला. २००४ आणि २००९ ची राष्ट्रीय धोरणे आली, पण ती कोणावर बंधनकारक नव्हती. १ मे २०१४ पासून पथविक्रेता कायदा लागू झाला.

या कायद्याचा सगळा भार पाहणीवर आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांची नोंद करायची, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे (६०,००० वस्तीच्या गावात १,५००) आणि विक्री प्रमाणपत्र द्यायचे. पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. त्यानंतरही हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागितला की त्याच दिवशी परत करावा लागतो, आणि भाजीवालीच्या दृष्टीने हे कलम सर्वांत मोलाचे, कारण दुसऱ्या दिवशी परत मिळालेली मेथी विकता येत नाही.

घोडे अडते ते समितीपाशी. आयुक्त किंवा मुख्याधिकारी नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पाहणी समितीने करायची, पण समिती निवडायला मतदारयादी हवी आणि यादी पाहणीतूनच येते. पाहणीसुद्धा कार्यालयीन वेळेत उरकली की संध्याकाळच्या हातगाड्या आणि फक्त आठवडे बाजाराला येणारे विक्रेते सुटतात. म्हणून सकाळ, संध्याकाळ आणि बाजाराचा दिवस अशा तिन्ही फेऱ्या कराव्यात. जुना बाजार पाहणीत ‘नैसर्गिक बाजार’ (विक्रेते-ग्राहक परंपरेने जमतात ती जागा) म्हणून नोंदला गेला, तर तो ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही. नोंद करायची राहून गेली, तर हे संरक्षणही जाते.

जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजनेने या नोंदीला बँकेची वाट जोडली: तारणाविना कर्ज, आधी १०,०००, वेळेवर फेडल्यास २०,००० आणि मग ५०,००० रुपये, व्याजावर ७ टक्के अनुदान. पाहणीत सुटलेल्यांसाठी नगरपालिकेचे शिफारसपत्र चालते. २०२५ मध्ये योजनेची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढली आणि पहिली दोन कर्जे १५,००० व २५,००० रुपयांची झाली.