घरात फ्रिज आहे का? प्रेक्षकाच्या ओळखीमागचे गणित

टीआरपीसाठी निवडलेल्या घरात दूरचित्रवाणी संचाजवळ एक लहान यंत्र बसवलेले असते आणि त्याच्यासोबत एक वेगळा रिमोट दिलेला असतो. त्यावर घरातल्या प्रत्येकासाठी एकेक बटण असते. आजी मालिका पाहायला बसली की तिने आपले बटण दाबायचे आणि कुकरची शिट्टी ऐकून आत गेली की पुन्हा दाबायचे. कोणती वाहिनी चालू आहे हे यंत्राला आपोआप कळते, कारण वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी सांकेतिक खूण मिसळलेली असते; समोर कोण बसले आहे, हे मात्र बटण दाबल्याशिवाय कळत नाही. भारतात ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल अर्थात बार्क ही संस्था २०१५ पासून अशी आकडेवारी दर आठवड्याला देते आणि मालिका कोणासाठी लिहायची, ती किती वाजता दाखवायची, तिची जाहिरात कुठे करायची, याचे बरेचसे निर्णय त्या आकडेवारीवर होतात.

बटण दाबणाऱ्या माणसाचे वय, लिंग आणि राहण्याचे ठिकाण नोंदवणे सोपे आहे. आर्थिक स्तर ठरवणे अवघड, कारण खरा पगार सांगायला माणसे कचरतात आणि शेतकऱ्याचे उत्पन्न तर पावसागणिक बदलते. त्यामुळे २०११ मध्ये पुढे आलेल्या एनसीसीएस (न्यू कन्झ्युमर क्लासिफिकेशन सिस्टिम) या घरांच्या वर्गीकरणात उत्पन्न विचारलेच जात नाही. घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण किती आणि ठरावीक ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढेच पाहिले जाते. वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि स्वतःची शेतजमीन अशी ती यादी आहे. या दोन उत्तरांवरून घर ए१ ते ई३ अशा १२ वर्गांपैकी एकात बसते. त्याआधी शहरांसाठी व्यवसाय आणि शिक्षण यांवर आधारलेली एक पद्धत होती आणि खेड्यांसाठी दुसरीच; शेतजमीन यादीत आल्यामुळे कराडजवळचे वाडीतले घर आणि ठाण्यातला फ्लॅट एकाच पट्टीने मोजता येऊ लागले.

ही युक्ती मला मनापासून आवडते. पण तिच्यातून ओळख पटते ती घराची, माणसाची नव्हे, हे विसरून चालत नाही. सातवी शिकलेले सासरे मुख्य कमावते असतील, तर पदवीधर सूनही त्यांच्याच वर्गात मोजली जाते. सुशिक्षित तरुणींसाठी मालिका आखणाऱ्याने केवळ वरचे वर्ग निवडले, तर त्याला जी प्रेक्षक हवी आहे नेमकी तीच त्या निवडीतून निसटू शकते.

त्याहून मोठी अडचण संख्याशास्त्राची आहे. जाहिरातदाराला ‘१५ ते ३० वयाच्या, शहरी, वरच्या वर्गातल्या स्त्रिया’ असा नेमका टार्गेट ग्रुप हवा असतो आणि प्रत्येक अट लावताना नमुन्यातली माणसे कमी होत जातात. समजा, सगळ्या अटी लावून शेवटी ४०० जणी उरल्या आणि त्यांतल्या ८ जणींनी मालिका पाहिली, तर आकडा येतो २ टक्के. नमुना पूर्णपणे यादृच्छिक असला, तरी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की खरा आकडा साधारण ०.६ ते ३.४ टक्क्यांच्या दरम्यान आहे. पुढच्या आठवड्यात आणखी तिघींनी बटण दाबले, की २ चे २.७५ होतात आणि तेवढ्यावरून नायिकेचे लग्न लांबवायचा निर्णय होऊ शकतो. आकड्यातली ही अनिश्चितता निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, आणि प्रत्येक नवे घर म्हणजे नवे यंत्र आणि नवा खर्च. म्हणून लहान गटाचा आकडा एका आठवड्यावरून वाचू नये, चार आठवड्यांची सरासरी घ्यावी किंवा एखादी अट सोडून द्यावी, असे मला ठामपणे वाटते.

जाहिरात करतानाही हाच विवेक लागतो. जाहिरात किती टक्के लोकांनी पाहिली गुणिले सरासरी किती वेळा पाहिली, या मापाला जीआरपी म्हणतात. ४० टक्के लोकांनी प्रोमो सरासरी ३ वेळा पाहिला तरी जीआरपी १२० आणि १२ टक्के लोकांनी १० वेळा पाहिला तरी १२०च. नव्या मालिकेचे नाव घरोघरी पोहोचवायचे असेल तर पहिला मार्ग हवा. दुसऱ्यात तीच माणसे तोच प्रोमो पाहून कंटाळतात.

शिवाय आपल्याकडे बहुसंख्य घरांत टीव्ही एकच असतो. बावीस वर्षांच्या मुलीसाठी आखलेली मालिका रात्री आठ वाजता लावली, तरी त्या वेळी रिमोट सासूबाईंच्या किंवा वडिलांच्या हातात असू शकतो. अशा वेळी कथेत आईलाही धरून ठेवणारे एखादे पात्र असावे लागते, किंवा मुलीला तिच्या मोबाइलवर गाठावे लागते.

मराठी वाहिन्यांची तुलना साधारणपणे ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजारपेठेच्या आकड्यांवर होते. बेळगावातल्या एखाद्या नमुना-घरात तीच मालिका त्याच वेळी पाहिली जाते, तिथली आजीही आपले बटण नेमाने दाबते. पण तिचे पाहणे कर्नाटकाच्या हिशेबात जमा होते.