एमसीबी आहे, म्हणून वायर जळणार नाही?

गणपतीची किंवा दिवाळीची रोषणाई करताना हमखास ऐकू येतं: "लोड वाढला तर एमसीबी पडेलच, एक्स्टेन्शन कुठलंही चालतं." हे साफ चुकीचं आहे. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, भिंतीतल्या वायरिंगच्या हिशेबाने बसवलेला असतो. तुमच्या एक्स्टेन्शनची वायर किती बारीक आहे, हे त्याला कळत नाही.

५०० वॅटचे तीन हॅलोजन लावले तर २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर करंट जातो. स्वस्त एक्स्टेन्शनची ०.५ चौरस मिलिमीटरची वायर जेमतेम चारेक अँपिअरची. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही आणि वायर रात्रभर तापत राहते. त्यात उरलेली वायर गुंडाळून ठेवली, तर बाहेरचे वेढे कोमट लागतात तेव्हा आतले मऊ पडून एकमेकांना चिकटू लागलेले असू शकतात. म्हणून वायर पूर्ण उलगडाच.

घेताना वायरवर छापलेलं वाचा: हॅलोजनसाठी १.५ चौरस मिलिमीटर, सोबत आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण. एलईडी माळांना करंट अगदी कमी लागतो, तिथे खरी भीती गॅलरीतल्या ओल्या जोडांची. शॉकपासून एमसीबी वाचवत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, लागतो.