इटालियन ग्रेहाउंड की व्हिपेट? एकाला दिवाणाची भीती, दुसऱ्याला मोकळ्या रस्त्याची

निमुळत्या तोंडाचा, पोट पाठीला लागलेला कुत्रा घेऊन बाहेर पडलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. 'याला खायला घालता की नाही?' आणि 'ग्रेहाउंडचं पिल्लू का हो?' पहिल्याकडे नंतर येऊ. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं, कारण समोरचा कुत्रा एकतर इटालियन ग्रेहाउंड असतो, नाहीतर व्हिपेट. या दोघांत गल्लत करणाऱ्यांना मी हसत नाही. वाढत्या वयातलं व्हिपेट आणि पूर्ण वाढलेला इटालियन ग्रेहाउंड यांचे नुसते फोटो दाखवले तर भले भले चुकतात.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांचा वाद वजनकाटा मिटवतो. एफसीआय या श्वानपालनातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषांप्रमाणे इटालियन ग्रेहाउंड खांद्यापाशी 32 ते 38 सेंटिमीटर उंच असतो आणि त्याचं वजन फार तर 5 किलो. पिठाच्या एका पिशवीएवढा ऐवज! व्हिपेटचा नर 47 ते 51 सेंटिमीटर, मादी 44 ते 47, आणि वजन त्याच्या दुप्पट-तिप्पट. पिल्लू घेताना मात्र काटा उपयोगाचा नाही. तेव्हा पंजे आणि पायांचे सांधे बघावेत. अंगाच्या मानाने ते जाडजूड असतील तर बाळ अजून बरंच वाढणार आहे. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे त्याची आई डोळ्यांनी पाहणं. ती दाखवायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नये. चालीवरूनही ओळख पटते: इटालियन ग्रेहाउंड पुढचे पाय उचलत ठुमकत चालतो, व्हिपेट जमिनीलगत लांब ढांगा टाकतो.

दोघेही साइटहाउंड, म्हणजे वासापेक्षा नजरेच्या जोरावर शिकार करणारे. आपल्याकडचा कारवान याच जातकुळीचा. पण एक वाढला राजवाड्यात, दुसरा खाणकामगारांच्या वस्तीत. इटालियन ग्रेहाउंड युरोपातल्या दरबारी मंडळींच्या मांडीवर बसायचा. जर्मनीतल्या प्रशिया राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट या कुत्र्यांवर इतका जीव टाकायचा की मेल्यावर आपल्याला पॉट्सडॅमच्या साँसुसी राजवाड्याच्या गच्चीवर, आपल्या कुत्र्यांशेजारी पुरावं, असं त्याने लिहून ठेवलं होतं. तो 1786 साली गेला. वारसाने ते ऐकलं नाही आणि त्याला चर्चमध्ये बापाच्या शेजारी ठेवलं. या बापाशी त्याचं आयुष्यभर जमलं नव्हतं! अखेर 1991 साली त्याची शवपेटी कुत्र्यांजवळ पोहोचली.

व्हिपेट ही उत्तर इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांची ठेव. ज्यांना घोडा परवडत नव्हता त्यांचा हा शर्यतीचा घोडा, आणि शिवाय घरात शिजवायला ससा आणून देणारा. रविवारी सरळ पट्ट्यावर शर्यत लागायची. एक जण कुत्रा धरून उभा, मालक पलीकडच्या टोकाला फडकं हलवत हाका मारतोय, आणि कुत्रा त्या फडक्याकडे सुसाट. ताशी 55 किलोमीटरच्या आसपास हा वेग जातो. त्याचं एक कारण 2007 साली जनुकांत सापडलं: स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकातला विशिष्ट बदल एकाच पालकाकडून आला तर कुत्रा अधिक वेगवान होतो. दोघांकडून आला तर मात्र पैलवानासारखा फुगलेला व्हिपेट जन्मतो, आणि तो याच जातीचा आहे यावर विश्वास बसत नाही.

आता घरचा हिशेब. फ्लॅट लहान म्हणून लहान कुत्रा, असं गणित सगळे मांडतात. मला ते पटत नाही. इटालियन ग्रेहाउंडच्या पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीसारखी असतात आणि मनगटाजवळ त्यांना रक्तपुरवठाही तुटपुंजा. दिवाणावरून, नाहीतर मुलांच्या हातून उडी मारली की हाड मोडतं, आणि जुळायला वेळ लागतो. त्यात आपल्याकडची गुळगुळीत टाइल्सची फरशी. पहिलं वर्षभर तरी सतरंज्या अंथराव्यात, पलंगाला पायरी लावावी, आणि घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर ही जात घेऊच नये. व्हिपेट मोठा असूनही घरात सोपा: सकाळी एकदा मनसोक्त पळू दिलं की दिवसभर कोपऱ्यात पडून असतो. त्याचा धोका दाराबाहेर आहे. मांजर दिसलं की त्याचे कान बंद होतात. कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळं सोडणं म्हणजे त्याला रहदारीच्या हवाली करणं. इटालियन ग्रेहाउंडही धावतोच, पण तो लांब जाण्याआधी भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सापडण्याची भीती जास्त.

दोघांचंही डोकं मानेपेक्षा अरुंद, त्यामुळे कुत्रा मागे सरकताच साधा पट्टा निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा किंवा अंगाला नीट बसणारा हार्नेस घ्यावा. इटालियन ग्रेहाउंडचे दात लवकर खराब होतात, हिरड्या सुजतात. रोज ब्रश करायची तयारी हवी. पावसाळ्यात तर तो दारातून बाहेर पाऊल टाकायला नकार देतो, म्हणून शी-शूची सवय लागायला महिने जातात. आधीच आतली एक जागा ठरवून द्यावी, भांडून उपयोग नाही.

भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना 'साइटहाउंड आहे' हे आवर्जून सांगावं. अंगावर चरबी कमी आणि यकृताची काही औषधं निचरण्याची गती संथ, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलीतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात. रक्तात थायरॉइडचा आकडा कमी दिसला म्हणून लगेच गोळ्याही सुरू करू नयेत. या कुळात तो मुळातच खाली असतो.

आणि तो पहिला प्रश्न. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसत असतील तर कुत्रा ठणठणीत आहे. शेजाऱ्यांच्या समाधानासाठी त्याला जाड केलं तर तो भार त्याच बारीक पायांवर पडतो. चरबी नसल्याने डिसेंबरच्या पुण्यातही दोघं कुडकुडतात आणि पांघरुणात शिरतात. व्हिपेट आत असला की कळतं. इटालियन ग्रेहाउंड असेल तर गादीवर बसण्याआधी हात फिरवून बघायचा.