विनोदी मालिकेतील रेबीज, नाशिकमधून पाहताना

‘स्क्रब्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या २००६ मधील एका भागात एका तरुणीचा मृत्यू अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झाला, असे डॉक्टर धरून चालतात आणि तिचे अवयव तीन रुग्णांना बसवतात. तिघेही दगावतात, कारण तिला प्रत्यक्षात रेबीज झालेला असतो. हे ओढूनताणून रचल्यासारखे वाटते. पण २००४ मध्ये टेक्सासमध्ये एकाच दात्याचे यकृत, दोन मूत्रपिंडे आणि रक्तवाहिनीचा तुकडा मिळालेले चार रुग्ण खरोखरच रेबीजने मरण पावले होते. दात्याला वटवाघूळ चावल्याचे मागाहून समजले.

रेबीजचा विषाणू रक्तातून फारसा पसरत नाही. चाव्याच्या जागेवरून तो मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, तिथे वाढतो आणि पुन्हा मज्जातंतूंमधूनच लाळग्रंथींपर्यंत व इतर अवयवांपर्यंत उतरतो. त्यामुळे वरवर निरोगी दिसणाऱ्या मूत्रपिंडातही तो असू शकतो. शिवाय नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, ते विषाणूच्या पथ्यावरच पडते.

मालिकेतील डॉक्टरांची समजूत घातली जाते ती अशी, की इतक्या दुर्मीळ आजाराची शंका घेणेच गैर ठरले असते. अमेरिकेपुरते हे पटण्याजोगे आहे, कारण तिथे माणसांमधील रेबीजचे रुग्ण वर्षाला सहसा हाताच्या बोटांवर मोजता येतात. नाशिकमध्ये मात्र हा युक्तिवाद टिकणार नाही. कोणत्याही निदानाची शक्यता लक्षणांइतकीच तो आजार त्या भागात किती आढळतो यावरही ठरते, आणि भारतात रेबीजने दरवर्षी हजारो माणसे मरतात. ताप आलेला, भ्रमात बोलणारा आणि पाण्याचा घोट घेताना घशाला आचके बसणारा रुग्ण इथल्या रुग्णालयात आला, तर ‘कुत्रा चावला होता का?’ हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच विचारला जातो. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्याने जखमी केलेल्या माणसालाही रेबीजची लस देतात, ती याच हिशेबाने.

लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पण चाव्यानंतर लक्षणे दिसेपर्यंत सहसा काही आठवडे ते काही महिने जातात. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लसीचे सर्व डोस वेळेवर घेणे आणि त्वचा फाटून रक्त आले असल्यास जखमेत व तिच्याभोवती तयार प्रतिपिंडे (विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने) टोचून घेणे, हे सारे त्या मुदतीत करायचे असते. मालिकेच्या वीस-बावीस मिनिटांत ही मुदत दाखवायला जागाच उरत नाही.

अवयवांतून आलेल्या विषाणूलाही ती लागू पडते. २०११ मध्ये मूत्रपिंड बसवलेल्या एका अमेरिकी रुग्णाला सुमारे दीड वर्षाने रेबीज झाला आणि तो दगावला. दात्याचा आजार आधी माशांतून झालेली विषबाधा समजला गेला होता. त्याच दात्याचे अवयव मिळालेल्या उरलेल्या तिघांना मग तातडीने लस आणि प्रतिपिंडे देण्यात आली आणि त्यांना रेबीज झाला नाही.